पत्त्याआधी शाळा

८ नोव्हेंबर २०१६

ऑफिसची नोंदवही इंग्रजीत लिहितेच. तिच्यात ‘बैठक झाली, नकाशे मिळाले’ यापलीकडे काही मावत नाही. जे मावत नाही ते इथे.

काम असं आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश फौज जर्मनीत राहिली ती राहिलीच. तिथेच छावण्या, तिथेच शाळा, दुकानं, रेडिओ. २०१० साली सरकारने ठरवलं, २०२० पर्यंत सगळे परत. म्हणजे सुमारे वीस हजार सैनिक. मार्च २०१३ मध्ये कोणतं युनिट कुठे जाणार याचा आराखडा आला आणि त्यातला मोठा घास दक्षिण इंग्लंडमधल्या विल्टशरच्या ताटात पडला. सॅलिसबरी प्लेन नावाच्या माळावर आणि आसपास सुमारे चार हजार जादा सैनिक येणार, वर त्यांची बायकामुलं. कुटुंबांसाठी ९१७ घरं बांधायची आहेत: लार्कहिलला ४४४, लगरशॉलला २४६, बुलफर्डला २२७. (लगरशॉलच्या स्पेलिंगमध्ये एक ‘डी’ आहे, तो उच्चारायचा नसतो. पहिल्याच बैठकीत मी उच्चारला.)

मी ज्या सल्लागार कंपनीत आहे तिच्याकडे शाळा आणि शाळेच्या वाटा एवढा तुकडा आलाय. मुलं किती, कोणत्या इयत्तेत, कुठून कशी चालत जाणार. घरं, बराकी, गटारं, वीज वेगळ्या लोकांकडे. मला बरं वाटलं. गटारांपेक्षा मुलं बरी, असं आज तरी वाटतंय.

२१ नोव्हेंबर २०१६

दिवसभर कागदांत ‘एसएफए’ येत होतं आणि मला दिवसभर नगर आठवत होतं. इथे एसएफए म्हणजे सर्व्हिस फॅमिली अकॉमोडेशन, सैनिकाला कुटुंबासह राहायला मिळणारं घर. आपल्या फौजेत एसएफए म्हणजे सेपरेटेड फॅमिली अकॉमोडेशन: बाप फील्डमध्ये, बायकामुलं मागे क्वार्टरमध्ये. अक्षरं तीच. एकात बाप धरलाय, दुसऱ्यात वगळलाय.

अप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गाव सातारा जिल्ह्यातलं आपशिंगे, ज्याला सगळे आपशिंगे मिलिटरीच म्हणतात. अप्पा काश्मीरला असताना आम्ही तीन वर्षं नगरच्या एसएफएत काढली. बारावीपर्यंत माझ्या सहा शाळा झाल्या. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव, युनिट, आणि खाली स्टेशनचं नाव. दर बदलीला आई स्टेशनवर काळा रंग फिरवायची आणि अप्पा पांढऱ्याने नवं लिहायचे. ती जागा बोटाला उंचवटा लागेल इतकी जाड झाली होती.

हे सगळं बैठकीत सांगायचं नाही असं ठरवलंय. ‘मी स्वतः फौजी पोर आहे’ म्हणणाऱ्याचे आकडे लोक तपासत नाहीत, आणि माझे तपासलेच पाहिजेत.

१५ डिसेंबर २०१६

लार्कहिलला पहिल्यांदा साइटवर. गुडघाभर चिखल नाही, पांढरा राडा. खाली सगळा खडूचा खडक. बूट धुतले तर टबात दूध सांडल्यासारखं.

घरांच्या जागेवर सध्या बांधकामवाल्यांपेक्षा पुरातत्त्ववाल्यांचं राज्य आहे. लार्कहिल म्हणजे तोफखान्याची शाळा, आणि दक्षिणेला थोड्याच अंतरावर स्टोनहेंज. इथे नुसता खांब रोवायला खड्डा काढला तरी कोणीतरी ब्रश घेऊन बसतं. यंदा त्यांना एका प्राचीन वर्तुळाकार खंदकाचा तुकडा सापडला, इसवी सनापूर्वी ३६५० च्या सुमाराचा, म्हणजे स्टोनहेंजच्याही काही शतकं आधीचा. त्याशिवाय पहिल्या महायुद्धात सरावासाठी खोदलेले खंदक आणि भुयारं, आणि त्यांत राहून गेलेले जिवंत हातबॉम्ब. म्हणून रोज सकाळी ब्रशवाल्यांच्या आधी बॉम्बवाले.

भुयारांच्या भिंतींवर सैनिकांनी नावं कोरलीत. एक नाव लॉरेन्स वेदर्सचं आहे. ऑस्ट्रेलियाकडून लढला, सप्टेंबर १९१८ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च मान मिळवून देणारा पराक्रम केला आणि त्याच महिन्यात जखमांनी गेला. इथे सराव करत होता तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. पुरातत्त्ववाला म्हणाला, मुलं बाकावर करकटकाने कोरतात तसंच आहे हे. बुलफर्डच्या जागेवर तर दीडशेच्या आसपास अँग्लो-सॅक्सन थडगी निघाली आहेत. तिथल्या वेळापत्रकाबद्दल आज कोणी काही बोललं नाही.

१९ जानेवारी २०१७

मुलांचा हिशेब. पाया असा: साध्या वसाहतीत शंभर घरं धरली तर त्यांत म्हातारे असतात, एकटे असतात, मुलं मोठी होऊन गेलेले असतात. फौजी वसाहतीत यातलं कोणी नसतं. घर मिळतं ते नोकरीत असलेल्या माणसाला, आणि बहुतेक जण वीस ते चाळीसच्या मधले. म्हणजे साधं गुणोत्तर लावून चालणार नाही.

स्वतःसाठी एक उजळणी केली, अहवालासाठी नाही. समजा लार्कहिलला दोन घरांमागे एक प्राथमिक शाळेतलं मूल. ४४४ घरांची २२२ मुलं. इथली प्राथमिक शाळा सात इयत्तांची, एका इयत्तेला ३० चा एक वर्ग धरला तर २१० जागा. १२ मुलं बाहेर. ठीक, एक वर्ग वाढवून भागेल.

पण ती २२२ मुलं सात इयत्तांत सारखी पसरणार नाहीत. तरुण आईबाप म्हणजे खालच्या इयत्तांत गर्दी आणि वरच्या इयत्तांत मोकळे बाक. आणि नेमकं खालीच कायद्याने हात बांधलेत: पहिल्या तीन वर्षांत एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं बसवता येत नाहीत. एकतिसावं आलं की दुसरा वर्ग, दुसरी शिक्षिका. नियमाला अपवाद आहे, वर्ष सुरू झाल्यावर बदलीने आलेलं सैनिकाचं मूल एकतिसावं म्हणून बसू शकतं. एक बसेल. आठ कशी बसणार?

लार्कहिल आणि लगरशॉलला नव्या प्राथमिक शाळा होणार आहेत, बुलफर्डची आहे ती वाढणार. इमारतीबद्दल मला चिंता नाही. इमारत दिसते, म्हणून तिला पैसे मिळतात.

२ मार्च २०१७

लार्कहिलशेजारच्या डरिंग्टनच्या गावसभागृहात लोकांशी बोलायची संध्याकाळ. नकाशे भिंतीवर, चहा, बिस्किटं. लोक नम्र होते आणि संतापलेले होते, या देशात दोन्ही एका वेळी जमतं.

प्रश्न तीनच, पुन्हा पुन्हा. पहिला, डॉक्टर. सैनिकावर उपचार करायला लष्कराचे डॉक्टर आहेत, पण बायकामुलांनी गावातल्याच सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायचं. जर्मनीत त्यांचे दवाखाने आणि दंतवैद्य छावणीतच होते. इथे गावकऱ्यांनाच दातांच्या डॉक्टरची वेळ मिळत नाही. दुसरा, रस्ता. लार्कहिलमधून जाणारा पॅकवे आधीच तुंबतो, कारण स्टोनहेंजजवळ मोठा ए ३०३ अडला की गाड्या गावातून वाट काढतात. तिसरा प्रश्न प्रश्न नव्हता. एक आजीबाई म्हणाल्या, “आम्हाला कोणी विचारलं नाही.” मी म्हटलं, आज विचारतोच आहोत. त्या म्हणाल्या, “सांगताय. विचारत नाही.”

घरी येताना इम्बरची पाटी लागली. त्याच माळावरचं गाव. १ नोव्हेंबर १९४३ ला गावकऱ्यांना शाळेत बोलावून सांगितलं, ४७ दिवसांत गाव सोडा, सरावाला जागा हवी आहे. युद्ध संपलं, गाव परत मिळालं नाही. चर्च तेवढं वर्षातून ठरावीक दिवशी उघडतात. आजीबाईंच्या बोलण्यात ते होतं की नाही मला ठाऊक नाही. पण या माळावर लष्कर १८९७ पासून जमिनी घेतंय, तेव्हा इथल्या माणसाच्या ऐकण्यात ‘योजना’ हा शब्द कसा पडत असेल याचा अंदाज येतो.

११ मे २०१७

आजचा विषय कुत्री. गंमत नाही, दोन तास.

माळावर स्टोन कर्ल्यू नावाचा पक्षी जमिनीवर अंडी घालतो. माळाला त्याच्यासाठी संरक्षण आहे. नव्या घरांत लोक येतील, त्यांची कुत्री येतील, सकाळ-संध्याकाळ मोकाट सुटतील आणि पक्षी घरटं सोडून उडेल. उपाय असा की घराच्या दारातच कुत्र्याला फिरवायला इतकी चांगली वाट द्यायची की माळावर जावंसंच वाटू नये. मी नकाशा उघडला तर त्यांनी आखलेली कुत्र्यांची वाट आणि मी आखलेली शाळेची वाट अर्धा किलोमीटर एकच. सकाळी साडेआठला पाच वर्षांची पोरं आणि लॅब्रॅडॉर एकाच चिंचोळ्या पायवाटेवर.

वाट रुंद करून मागितली. मिळाली. पक्ष्याचे आभार, नुसत्या मुलांसाठी मागितली असती तर ‘पुढच्या टप्प्यात बघू’ झालं असतं.

३० ऑगस्ट २०१७

काही नाही. सगळे सुट्टीवर.

१६ मार्च २०१८

महिन्याच्या सुरुवातीला बर्फाने चार दिवस साइट बंद, आणि लगेच ४ तारखेला सॅलिसबरीत एका माजी रशियन हेरावरच्या विषप्रयोगाचं ते प्रकरण. शहरात बाकाला तंबू, संरक्षक पोशाखातले सैनिक. आमच्या वेळापत्रकाला धक्का नाही, पण जर्मनीतल्या कुटुंबांच्या प्रश्नांच्या यादीत आता पहिला प्रश्न शाळेचा नाही. यादी चाळली तर तीन वेगवेगळ्या आयांनी एकच वाक्य लिहिलं होतं: पाणी पिण्याजोगं आहे का?

२१ जून २०१८

उन्हाळी अयन. रात्री स्टोनहेंजला हजारो लोक, पहाटे सूर्य ईशान्येला उगवतो आणि त्या रेषेत बघितलं तर क्षितिजावर आपलं लार्कहिल. म्हणून तिथल्या घरांच्या छपरांची उंची, दिव्यांची दिशा, सगळं ‘तिकडून कसं दिसेल’ यावर तपासलेलं. रस्त्यावर उजेड खालीच पडला पाहिजे. मला हिवाळ्यात पावणेनऊला शाळेत जाणाऱ्या आणि साडेतीनला अर्धवट अंधारात परतणाऱ्या मुलांसाठी उजेड हवाय, पुरातत्त्ववाल्याला अंधार. शेवटी दिवे बुटके, जवळजवळ आणि टोपी घातलेले. दोघंही थोडे नाराज, म्हणजे बहुधा बरोबर असावं.

१९ सप्टेंबर २०१८, सेनेलागर, जर्मनी

दोन वर्षांत पहिल्यांदा, ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना भेटले.

छावणीतल्या शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा. इथल्या युनिटांना ठाऊक आहे, पुढच्या उन्हाळ्यात जायचं. कोण टिडवर्थला, कोण बुलफर्डला, कोण लार्कहिलला. पण घर कुठलं ते ठाऊक नाही. बदलीचा हुकूम हातात आल्यावर ई-११३२ नावाचा अर्ज भरायचा, मग घर ठरणार, आणि बरेचदा ते कळतं सामान बांधायच्या बेताला. लांब केसांची एक जर्मन बाई, नवरा ब्रिटिश सार्जंट, उभी राहून म्हणाली, “तुमचा फॉर्म विचारतो, पत्ता काय. माझा पत्ता तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.”

मग तारखा फळ्यावर लिहिल्या. पुढच्या सप्टेंबरात माध्यमिकला जाणाऱ्यांचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत. बालवर्गात जाणाऱ्यांचा १५ जानेवारीपर्यंत. आणि घर मिळणार मे-जूनमध्ये. हॉल शांत झाला.

नियम खरं तर या लोकांच्या बाजूने आहे. इंग्लंडच्या शाळाप्रवेश संहितेत लिहिलंय की सैनिकाच्या मुलाला ‘तू अजून इथे राहत नाहीस’ म्हणून नाकारता येत नाही. बदलीची तारीख लिहिलेलं अधिकृत पत्र असलं की युनिटच्या टपालपत्त्यावर जागा द्यायची. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की या मुलांसाठी जागांचा गठ्ठा राखून ठेवायचा नाही. म्हणजे शाळा आधीच भरली तर पत्र असून उपयोग नाही, आणि भरू नये म्हणून जागा अडवायची तर तेही नियमाबाहेर. उरतं एकच: अर्ज वेळेत. एकेका घरातून. पत्त्याशिवाय.

आमच्या वेळी केंद्रीय विद्यालयात गेल्या सात वर्षांत वडिलांच्या बदल्या किती झाल्या ते मोजायचे आणि त्यावर प्रवेशाचा क्रम लागायचा. जास्त बदल्या, वरचा नंबर. अप्पांच्या बदल्यांचा आम्हाला झालेला तेवढाच एक फायदा. इथे बदली मोजत नाहीत, तारीख मोजतात.

सभा संपल्यावर बाहेर उभी होते. शाळा सुटली. आठेक वर्षांचा मुलगा रस्त्याच्या कडेला थांबला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे, आणि पळाला. अगदी शिकवल्यासारखं. दोन पावलं चालल्यावर माझ्या डोक्यात पडलं. इथे गाड्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून पहिली गाडी डावीकडून येते. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये ती उजवीकडून येते. ही मुलं पॅकवे ओलांडताना आधी चुकीच्या बाजूला बघणार आहेत.

दोन वर्षं मी वाटेची रुंदी, उतार, दिवे मोजतेय. मुलाची मान कुठे वळते ते मोजलं नव्हतं.

२४ सप्टेंबर २०१८

रस्तेवाल्यांकडे निरोप: शाळेच्या वाटेवर जिथे जिथे ओलांडायचं तिथे डांबरावर ‘उजवीकडे बघा’ रंगवा. उत्तर आलं, हे लंडनमध्ये पर्यटकांसाठी करतात, खेड्यात पद्धत नाही. परत लिहिलं, शेकडो मुलं एका उन्हाळ्यात दुसऱ्या देशातून येणार आहेत, ती पर्यटकांपेक्षा बुटकी आहेत.

७ ऑक्टोबर २०१८, रविवार

आपशिंग्याला फोन. आईशी जेवणखाण झाल्यावर अप्पा आले. कामाचं काय म्हणून विचारलं. मी अर्जांचं सांगितलं.

“मग युनिट काय करतंय?” अप्पा.

“युनिट म्हणतं, शाळा हा आईबापांचा विषय आहे.”

“आणि तुझी कचेरी काय म्हणते?”

“अर्ज आला की बघू म्हणते, अप्पा.”

“अगं, युनिट हलतं तेव्हा आधी अ‍ॅडव्हान्स पार्टी जाते. चार्ज घेते, खोल्या मोजते, लंगर लावते. मग बाकीची पलटण. तुमच्या पोरांची अ‍ॅडव्हान्स पार्टी कोण?”

मी गप्प. ते म्हणाले, “एखादा हवालदार पकड. साहेबाला धरू नको, साहेब बदलून जातो.” मग विषय उसाच्या बिलावर गेला.

१० ऑक्टोबर २०१८

हवालदार मिळाला. इथे त्याला युनिट वेल्फेअर ऑफिसर म्हणतात. बहुतेक युनिटांत हा खालून वर चढलेला, बायकामुलांना नावाने ओळखणारा माणूस असतो. प्रत्येक युनिटाकडून एवढंच मागितलं: नावं नकोत, फक्त कोणत्या जन्मवर्षाची किती मुलं आणि कुठल्या छावणीत जाणार. शिवाय बदलीचं पत्र प्रत्येक कुटुंबाला आत्ताच द्या, एकाच नमुन्यात, युनिटचा टपालपत्ता टाकून. नमुना मी लिहून दिला. दीड पान होतं, त्यांच्या कारकुनाने अर्धं केलं. ते अर्धंच चांगलं आहे.

३० ऑक्टोबर २०१८

पहिली यादी आली. जानेवारी २०१७ चा अंदाज बाजूला ठेवून बघितला. एकूण बेरीज फार दूर नव्हती. पण वाटणी मी धरली होती त्यापेक्षाही लहान मुलांकडे झुकलेली. लार्कहिलसाठी खालच्या इयत्तांत दुसऱ्या वर्गाची मागणी आज लिहून पाठवली. यादी जोडली म्हणून या वेळी कोणी ‘कशावरून’ विचारलं नाही.

उद्या माध्यमिकची शेवटची तारीख. शाळा-विभागातली एक मुलगी संध्याकाळी साडेसातपर्यंत बसली होती. जर्मनीतून आलेल्या प्रत्येक अर्जात पत्त्याच्या जागी युनिटचा नंबर, आणि संगणक तो घेत नाही. त्याला पिनकोड हवा. तिने शेवटी सगळ्यांना छावणीच्या मुख्य दरवाजाचा पिनकोड टाकला. नकाशावर आता लार्कहिलच्या पहारेकऱ्याच्या चौकीत पोरांची जत्रा भरलेली दिसते.

१५ जानेवारी २०१९

प्राथमिकचे अर्ज बंद. बहुतेक आले. राहिले ते राहिले.

एका मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. त्यांचं म्हणणं मला आधीच कळायला हवं होतं. शाळेला पैसे मिळतात ऑक्टोबरमधल्या एका दिवशीच्या पटावर, आणि ते हातात येतात पुढच्या एप्रिलपासून. जुलै-ऑगस्टात मुलं येणार, सप्टेंबरात वर्ग भरणार, शिक्षिका तर उन्हाळ्याआधीच नेमायला हवी. मधल्या महिन्यांचा पगार कुठून? “तुम्ही मला मुलं देताय,” त्या म्हणाल्या, “पैसे त्यांच्या मागच्या गाडीने येणार.” नव्या वर्गांसाठी वेगळी तरतूद असते, तिचा अर्ज करायला त्यांना सांगितलं. अर्ज त्यांनी नोव्हेंबरातच केला होता. मी माफी मागितली.

१ एप्रिल २०१९

२९ मार्चला ब्रेक्झिट व्हायचं होतं, झालं नाही. सेनेलागरच्या त्या जर्मन बाईची मेल: नवऱ्याच्या मागे यायला तिला आता वेगळा अर्ज भरावा लागणार. युरोपीय नागरिकांची ती योजना परवाच सगळ्यांसाठी खुली झाली. फिजीच्या आणि नेपाळच्या सैनिकांना हे नवीन नाही. बायकोला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्न दाखवा, एक मूल असेल तर २२,४००. लढायला माणूस चालतो, बायकोची पगारपावती लागते. माझ्या कामाच्या कक्षेत हे येत नाही, तरी यादीतली काही मुलं ‘तारीख अनिश्चित’ का आहेत ते यात आहे.

१६ एप्रिल २०१९

प्राथमिकचे निकाल. संध्याकाळपर्यंत वेल्फेअरवाल्यांचे सात फोन. पाचांत आनंद. एका घरातली जुळी दोन शाळांत गेली होती. उद्या सोडवू. सातवा फोन चुकून लागला होता.

२३ जुलै २०१९

ट्रक येतायत. लार्कहिलच्या नव्या गल्ल्यांत डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या उभ्या. घराचा ताबा घेण्याला मार्च-इन म्हणतात, सोडण्याला मार्च-आऊट. आपल्याकडे क्वार्टर सोडताना एमईएसवाला, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचा माणूस, वही घेऊन फिरायचा तसाच इथे टॅब घेऊन फिरतो. एकदा आमच्याकडून बल्बच्या होल्डरचे ‘बॅरॅक डॅमेज’ कापले होते. होल्डर आम्ही राहायला गेलो तेव्हाही तुटलेलाच होता. आई अजून विसरलेली नाही. एका घरात डोकावले तर तरुण बाई प्रत्येक स्विचचा फोटो काढत होती. जगात सगळीकडे शहाण्या बायका हेच करतात.

बसथांब्याचा आडोसा उलटा बसवलाय. माळावरचा वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि आडोशाचं उघडं तोंड नैर्ऋत्येला. नकाशात मी बाण बरोबर काढला होता, कोणीतरी कागद फिरवून धरला. तक्रार टाकली.

३१ ऑगस्ट २०१९

‘उजवीकडे बघा’ रंगवून झालं. दोनच ठिकाणी, चार मागितले होते. बाकीच्या ठिकाणांसाठी शाळेच्या पहिल्या आठवड्यात रस्ता ओलांडून देणारी एक बाई पिवळा कोट घालून उभी राहणार.

५ सप्टेंबर २०१९

सकाळी आठला लार्कहिलच्या वाटेवर. ऊन, वारा, नवे कोरे स्वेटर, हाताची बोटं झाकली जातील इतक्या लांब बाह्या. दुरून तोफांचा सराव चालू होता. गावातली जुनी मुलं त्याकडे लक्ष देत नव्हती, जर्मनीहून आलेलीही नाही. दचकले ते एक बदली शिक्षक.

रुंद पायवाट भरली. लॅब्रॅडॉर आले, मुलांनी कुरवाळले, दोघांना उशीर झाला. न रंगवलेल्या जागेवर पिवळ्या कोटाची बाई. रंगवलेल्या जागेवर एक मुलगी थांबली, डावीकडे बघितलं, मग खाली रंगवलेलं वाचलं, एकेक अक्षर लावत, मग उजवीकडे. एक व्हॅन गेली. मग ओलांडलं.

मागच्या मुलाने काहीच वाचलं नाही. तो तिच्या पाठीला धरून गेला.

३ ऑक्टोबर २०१९

पटाचा दिवस. सगळ्या शाळा आजची मुलं मोजून पाठवणार. बालवर्गात दोन वर्ग भरले. वरच्या इयत्तांत मोकळे बाक आहेत, ठरल्याप्रमाणे. आडोसा अजून उलटाच आहे.

४ ऑक्टोबर २०१९

दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. आज सकाळी एक मुलगी दाखल झाली, दुसरीतली. सामानाचा ट्रक सेनेलागरजवळच्या पाडरबोर्नहून उशिरा सुटला म्हणून एक दिवस चुकला. कालच्या पटात ती नाही, म्हणजे एप्रिलपासूनच्या पैशांतही नाही. वर्गात मात्र तिचं दप्तर अडकवायच्या खुंटीवर नावाची पट्टी कधीचीच लागली होती. पत्र जानेवारीतच आलं होतं, त्या अर्ध्या पानाच्या नमुन्यातलं, पत्त्याच्या जागी युनिटचा नंबर असलेलं.

बाईंनी विचारलं, घराचा पत्ता आता बदलून घेऊ का? म्हटलं, घ्या. तिथे अजून पहारेकऱ्याची चौकी आहे.